ज्वालामुखीची शालेय सहल : विवराचा काठ हे उद्दिष्ट नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुंबई-पुण्याकडील काही शाळांच्या परदेशी सहलींच्या माहितीपत्रकांत अलीकडे ‘जिवंत ज्वालामुखी’ हे नवे आकर्षण दिसू लागले आहे. बहुधा तो ज्वालामुखी इंडोनेशियातला असतो. बालीतला बातुर पहाटे चढून सूर्योदय पाहायचा, किंवा पूर्व जावात जीपने वाळूचे पठार ओलांडून पायऱ्यांनी ब्रोमोच्या विवरापर्यंत जायचे, आणि जमल्यास इजेनची निळी ज्योत पाहायला मध्यरात्री निघायचे, असा तो बेत असतो. भूगोलाच्या पुस्तकातले चित्र मुलांनी प्रत्यक्ष पाहावे ही इच्छा रास्त आहे आणि भूशास्त्र शिकवण्यात हयात घालवलेल्या माझ्यासारख्याने तिला विरोध करण्याचे काहीच कारण नाही. माझा आक्षेप आहे तो बेत आखण्याच्या क्रमाला. आधी विमानाचे भाडे ठरते, मग हॉटेल, मग छायाचित्रांची ठिकाणे. आणि सगळे ठरून पहिला हप्ता भरून झाल्यावर पालकसभेत कोणी विचारलेच, तर ‘सध्या तिथली धोक्याची पातळी खालची आहे’ एवढ्या एका वाक्यावर विषय मिटतो.

हे वाक्य खोटे नसते. ते अपुरे असते. इंडोनेशियातील ज्वालामुखींवर लक्ष ठेवणारी सरकारी यंत्रणा बांडुंग येथून चालते आणि प्रत्येक ज्वालामुखीला ती चारपैकी एक पातळी देते. पश्चिम सुमात्रातील मारापी २०११ पासून दुसऱ्या पातळीवर होता आणि विवरापासून तीन किलोमीटरच्या आत कोणी जाऊ नये, अशी या यंत्रणेची शिफारस होती. तरीही ३ डिसेंबर २०२३ रोजी तो फुटला तेव्हा सुमारे ७५ गिर्यारोहक डोंगरावर होते आणि त्यांतले २४ जण मरण पावले. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटाची पातळी स्फोटाच्या तीन आठवडे आधी एकवरून दोनवर नेण्यात आली होती, पण पर्यटकांच्या बोटी चालूच राहिल्या. ९ डिसेंबर २०१९ च्या दुपारी बेटावर ४७ माणसे होती, त्यांपैकी २२ दगावली. जपानचा ओंताके तर २७ सप्टेंबर २०१४ रोजी सर्वांत खालच्या, पहिल्याच पातळीवर होता. शनिवारचा दिवस, निरभ्र आकाश, जेवणाची वेळ आणि शिखरावर सुट्टीची गर्दी. मृत आणि बेपत्ता मिळून ६३ जण त्या दिवशी गेले.

ओंताके आणि व्हाकारी येथे जे झाले, त्याचे कारण शाळकरी मुलालाही समजावून सांगता येते. विवराखालच्या भेगांमध्ये मुरलेले पाणी तप्त खडकांमुळे भयंकर दाबाखाली असते. वरचे झाकण कुठे कमकुवत झाले की त्याची एका क्षणात वाफ होते आणि ती वाफ राख, चिखल व दगड घेऊन बाहेर पडते. यासाठी शिलारस वर चढून येण्याची गरज नसते, त्यामुळे शिलारस चढताना भूकंपमापकांवर जी खळबळ उमटते तीही पुष्कळदा उमटत नाही. असा स्फोट ज्वालामुखीच्या हिशेबात किरकोळ असतो. दोन किलोमीटरवर उभ्या असलेल्या माणसाला तो जन्मभर सांगण्यासारखा देखावा वाटेल. विवराच्या काठावर असलेल्याला मात्र पळायलाही वेळ मिळत नाही. ‘आमच्याबरोबर तज्ज्ञ मार्गदर्शक आहे’ हे आश्वासनही येथे उपयोगाचे नाही. कोलंबियातील गालेरासच्या विवरात १४ जानेवारी १९९३ रोजी ज्वालामुखीशास्त्रज्ञांचीच अभ्याससहल उतरली होती. त्या स्फोटात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक ठार झाले.

म्हणून माझे म्हणणे असे, की शाळेने ज्वालामुखीला जरूर जावे, परंतु विवराचा काठ हे सहलीचे उद्दिष्ट ठेवू नये. ते केवळ भीतीपोटी नव्हे. शिकण्याच्या दृष्टीनेही ती जागा सगळ्यांत दरिद्री असते. तेथे धूर दिसतो, गंधकाचा वास येतो, डोळे चुरचुरतात, दम्याच्या मुलाला खोकल्याची उबळ येते आणि मागचा गट रेटत असल्यामुळे दहा मिनिटांत परतावे लागते. प्रवाह कसा वाहिला, कसा थिजला, त्यावर माती कधी धरली, माणसे कुठून उठून कुठे गेली, हे सारे खालच्या उतारांवर लिहिलेले असते. बातुरचेच पाहा. त्याच्या पायथ्याशी १९६३, १९६८ आणि १९७४ सालचे काळे लाव्हाप्रवाह पसरलेले आहेत. १९२६ च्या उद्रेकात गाडले गेलेले बातुर गाव, त्यातल्या मंदिरासह, उठून महाकुंडाच्या (जुना डोंगर खचून झालेल्या विशाल खोलगट भागाच्या) वरच्या कडेवर वसले आणि आजही तेथे नांदते आहे. एवढा मजकूर डोळ्यांसमोर असताना मुलांना मध्यरात्री उठवून अंधारात शिखरावर न्यायचे, आणि उजाडल्यावर ती जांभया देत याच प्रवाहांवरून उतरणार, यात भूशास्त्र कुठे आले?

आणि आपल्या मुलांसाठी ज्वालामुखी निवडायचाच, तर तो आपल्या खडकाशी नाते सांगणारा का नसावा? महाराष्ट्राचा बहुतांश भाग ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. आज उरलेले त्याचे क्षेत्रच पाच लाख चौरस किलोमीटरच्या घरात जाते. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकताना पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण स्थानावरून गेला, ते स्थान आज हिंदी महासागरातील रियुनियन या फ्रेंच बेटाखाली आहे, असे बहुसंख्य भूशास्त्रज्ञ मानतात. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मस्कारीन पठार, मॉरिशस आणि रियुनियन अशी त्या वाटचालीची रांगच समुद्रात दिसते. १९८७ मध्ये या रांगेवर खोल समुद्रात विंधन करून जे नमुने काढले गेले, त्यांचे वय दक्षिणेकडे कमी कमी होत गेलेले आढळले. मॉरिशसचे सर्वांत जुने खडक काही दशलक्ष वर्षांचे, रियुनियनचे त्याहून तरुण, आणि रियुनियनवरचा पितों द ला फुर्नेझ अद्याप धगधगता. आपल्याकडच्या काही संशोधकांना उष्ण स्थानाची ही उपपत्ती मान्य नाही, हेही मुलांना सांगावे. विज्ञानातला चालू वाद दहावीच्या मुलाला कळत नाही असे समजणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

पितों द ला फुर्नेझ २,६३२ मीटर उंच आहे आणि सतराव्या शतकापासून त्याचे दीडशेहून अधिक उद्रेक नोंदले गेले आहेत. जगातल्या सर्वांत चपळ ज्वालामुखींत त्याची गणना होते, तरीही शाळेसाठी मी त्याचे नाव सुचवतो, कारण त्याचा स्वभाव बहुतांशी वाहण्याचा आहे, फुटण्याचा नव्हे. त्याचे बहुतेक उद्रेक ‘आंक्लो फुके’ या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या, समुद्राकडे उघड्या असलेल्या खोलगट भागातच होतात, जेथे वस्ती नाही. १९७७ मध्ये मात्र लाव्हा या कुंपणाबाहेर निघाला आणि पितों-सेंत-रोझ गावात शिरला. लोक आधीच हलवले गेले होते, त्यामुळे जीवितहानी झाली नाही. गावातले चर्च प्रवाहाने घेरले आणि लाव्हा त्याच्या दारापाशी थबकला. या प्रसंगानंतर, १९७९ च्या अखेरीस, बूर-म्युरा येथे कायमस्वरूपी वेधशाळा उभी राहिली. भूकंपमापके, उपग्रहाधारित स्थानमापके आणि डोंगराचा कल मोजणारी उपकरणे यांच्या जोरावर, शिखर काही सेंटिमीटरने फुगले तरी तिला ते कळते.

या वेधशाळेच्या अनुभवातून निघणारी एक गोष्ट सहलीच्या आखणीत निर्णायक ठरावी. शिलारस वर येऊ लागला की लहान लहान भूकंपांची मालिका सुरू होते आणि तेव्हापासून लाव्हा बाहेर पडेपर्यंत बहुधा काही तास मिळतात. क्वचित तासाभरापेक्षाही कमी. अशी चिन्हे दिसताच शासन इशारा देते आणि ‘पा द बेलकोंब’ येथील, म्हणजे आंक्लोच्या कड्यावरून आत उतरणाऱ्या पायवाटेचे फाटक बंद होते. आत असलेल्यांना परत फिरावे लागते. आता मुलांचा गट आत कुठवर न्यावा, याचे उत्तर याच हिशेबातून काढावे. शिखरावरच्या दोलोमिय विवराच्या कडेपर्यंत जाऊन यायला चांगले चालणाऱ्यालाही पाच तास लागतात, वाट खरबरीत लाव्ह्यावरून जाते आणि दिशा दाखवायला खडकावर मारलेले पांढऱ्या रंगाचे ठिपकेच काय ते असतात; धुके उतरले की तेही दिसेनासे होतात. याउलट कड्याच्या पायऱ्या उतरल्यावर थोड्याच अंतरावर फॉर्मिका लिओ नावाची, अठराव्या शतकातली, तांबूस राखेची बुटकी टेकडी आहे. तेथे तास-दीड तासात जाऊन येता येते. चाळीस मुलांचा गट घेऊन मी त्या टेकडीच्या पुढे एक पाऊलही टाकणार नाही. २००७ च्या एप्रिलमध्ये दोलोमियचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून अधिक खचला, हे ज्यांना कळले आहे त्यांना त्या कडेवर ओळीने उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र सुंदर वाटू नये.

एवढ्या छोट्या फेरीतही पाहण्यासारखे खूप आहे. पायऱ्या संपल्या की पायाखाली दोन प्रकारचा लाव्हा येतो. एक गुळगुळीत, ज्याच्या पृष्ठभागावर तापल्या दुधाची साय बोटाने सरकवल्यावर पडतात तशा दोरीसारख्या वळ्या पडलेल्या असतात. दुसरा काटेरी, तुटक्या ढेकळांचा, ज्यावर हात टेकला तर कातडी सोलवटते. दोन्हींची रासायनिक घडण सारखी असू शकते. फरक पडतो तो वाहण्याच्या वेगामुळे आणि घट्टपणामुळे. दख्खनच्या पठारावर हे दोन्ही प्रकार आहेत, पण सहा कोटी वर्षांच्या ऊन-पावसाने झिजलेले, मुरमात बदललेले, पोकळ्यांत खनिजे भरलेले. रियुनियनवर ते जणू कालचे आहेत. ज्या मुलाने घाटरस्त्याच्या कापात प्रवाहाच्या बुडाशी असलेल्या नळीसारख्या पोकळ्या पाहिल्या आहेत आणि त्या ज्या बाजूला कललेल्या असतात त्यावरून प्रवाहाची दिशा ताडायला तो शिकला आहे, त्याला येथे कोणी काही समजावून सांगावे लागणार नाही. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, तो पांढऱ्या ठिपक्यांचा खडक मुळात फेसाळ लाव्हा होता, हे त्याला त्या बेटावर आपोआप उमगेल.

सहलीचा उरलेला भाग किनाऱ्याकडे असावा. ग्रां ब्रुले नावाच्या उतारावरून समुद्रापर्यंत पोहोचलेले प्रवाह हमरस्त्यानेच ओलांडता येतात आणि रस्त्याकडेला त्या त्या प्रवाहाचे साल लिहिलेल्या पाट्या आहेत. भूशास्त्राच्या शिक्षकाला याहून मोठी देणगी नाही. वेगवेगळ्या सालांच्या प्रवाहांवर एक एक चौरस मीटरची चौकट टाकायची आणि तिच्यात काय उगवले आहे ते मोजायचे. आधी राखाडी पांढरी दगडफूल-जातीची बुरशी-शैवाले, मग नेचे, मग झुडपे, हा क्रम मुले वहीत स्वतः नोंदवतील. २००७ चा प्रवाह ऑलिव्हिन या हिरवट खनिजाच्या कणांनी भरलेला आहे. हातभिंगाखाली ते बाटलीच्या काचेच्या चुऱ्यासारखे चमकतात. त्यानंतर पितों-सेंत-रोझचे ते चर्च, आणि बूर-म्युरातले ज्वालामुखी संग्रहालय. यांतल्या कुठल्याही गोष्टीसाठी ज्वालामुखी जागा असण्याची अट नाही, आणि फाटक बंद असले तरी एकही रद्द करावी लागत नाही. बंद फाटकाचा दिवसही मुलांना बरेच शिकवतो; ते का बंद केले, कोणी केले, कोणत्या नोंदींवरून केले, हे संग्रहालयात बसून समजून घेता येते. सहल चालू असतानाच उद्रेक झाला, तर शासनाने नेमून दिलेल्या जागेवरून तो पाहावा. पण रात्री रस्त्यावर उसळणाऱ्या बघ्यांच्या गर्दीत मुले सोडू नयेत.

अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. मुंबईहून मॉरिशसला थेट विमान आहे आणि भारतीय पर्यटकांना तेथे आगाऊ व्हिसा लागत नाही. पण रियुनियनसाठी सहसा फ्रान्सचा त्या प्रदेशापुरता व्हिसा लागतो. युरोपसाठी काढलेला शेंगेन व्हिसा तेथे आपोआप चालत नाही, हे काही सहल कंपन्यांनाही माहीत नसते. इशारे, पाट्या, हवामानाची पत्रके फ्रेंचमध्ये असतात. याला एक सोपा उपाय मॉरिशसमध्येच आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून आणि देशावरून तेथे गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज क्रिओल आणि फ्रेंच सहज बोलतात, आणि तेथील शाळांमधून मराठीही शिकवली जाते. अशा एखाद्या मॉरिशियन मराठी शिक्षकाला सहलीत सोबत घेतले, तर भाषेचा प्रश्न सुटेल आणि आपल्या मुलांना एक वेगळा भूगोलही कळेल. मॉरिशसवर दोन दिवस काढावेतच. क्युरपिपचे जुने विवर, शामारेलची रंगीत माती आणि ज्याला तेथील हिंदू गंगा तलाव म्हणतात ते विवर-सरोवर, ही त्याच कुळातली विझलेली पिढी आहे.

खर्चाचे म्हणाल, तर ही सहल मूठभर शाळांनाच परवडेल. म्हणूनच एक अट मी आग्रहाने मांडतो : ज्या शाळेने आपल्या मुलांना सह्याद्रीतला एक तरी लाव्हाप्रवाह तळापासून माथ्यापर्यंत वाचायला शिकवलेला नाही, तिने परदेशी ज्वालामुखीचा विचारच करू नये. त्यासाठी घाटातला एक काप, दोन प्रवाहांमधला लाल गेरूचा थर, वेरूळच्या लेण्यांच्या भिंती आणि सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातली स्फटिके पुरेशी आहेत. लोणार हे ज्वालामुखीचे विवर नसून उल्काघाताचे आहे, आणि वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाणी खोल भेगांतून फिरून येते, त्याखाली कोणताही ज्वालामुखी पेटलेला नाही, हे दोन समज सहलीआधीच दूर झालेले बरे. ‘मग आपल्याच बॅरन बेटावर का जाऊ नये?’ असा प्रश्न हमखास येतो. अंदमानातील ते बेट भारताचा एकमेव जागृत ज्वालामुखी आहे, पण तेथे उतरण्यास पर्यटकांना मनाई आहे. बोटीतून दुरून धूर पाहणे एवढेच हाती येते.

वेळेचाही विचार व्हावा. रियुनियनवर डिसेंबरअखेर ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ आहे आणि ते बेट पावसाच्या जागतिक विक्रमांसाठी प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २००७ मध्ये तेथल्या डोंगरात ७२ तासांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेव्हा नाताळची सुट्टी नको. जुलै-ऑगस्टमध्ये पा द बेलकोंबची पहाट शून्याजवळ असते. दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची, त्याखालोखाल मे महिना. ढग साधारण दहाच्या सुमारास चढू लागतात, म्हणून मुक्काम किनाऱ्यावरच्या हॉटेलात न करता बूर-म्युराच्या परिसरात करावा आणि फाटकाशी सकाळी लवकर पोहोचावे. परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवावा. बालीतल्याच आगुंग ज्वालामुखीच्या राखेमुळे नोव्हेंबर २०१७ मध्ये बालीचा विमानतळ बंद पडला तेव्हा हजारो प्रवासी अडकले होते, आणि ज्वालामुखीच्या मुलखात असे कुठेही घडू शकते.

शेवटी कराराचा मुद्दा, ज्याकडे शाळा आणि पालक दोघेही काणाडोळा करतात. सहल कंपनीबरोबरच्या करारात ‘ज्वालामुखी दर्शन’ असा मोघम शब्द असला, की फाटक बंद झालेल्या दिवशी पैसे वसूल करण्याचा दबाव बरोबरच्या शिक्षकांवर येतो आणि मग दुसरी वाट, ‘ओळखीचा’ गाईड, कुंपणाखालून जाणे असे प्रकार सुरू होतात. त्याऐवजी करारात स्पष्ट लिहावे, की वेधशाळेचा वा शासनाचा इशारा असल्यास आत जायचे नाही, त्याबद्दल कंपनीवर दावा नाही आणि शिक्षकांवर ठपका नाही. आणि ‘आज जायचे नाही’ असे सांगण्याचा अंतिम अधिकार सहलीत प्रत्यक्ष हजर असलेल्या एकाच शिक्षकाला असेल, ज्याच्या निर्णयावर मुख्याध्यापकही दूरध्वनीवरून फेरविचार करायला लावणार नाहीत. दम्याच्या मुलांची नोंद, हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट आणि परत आणण्याच्या खर्चासह विमा हे सारे त्याच कागदावर यावे. दिवाळीच्या सहलींचे हप्ते शाळा जूनमध्येच गोळा करू लागतात. त्याआधीच्या पालकसभेत हा कागद मागितला जावा, एवढ्यासाठी हे पत्र.

आपला,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षक, पुणे